ऊर्जाबचत दिव्यांचा घरगुती फिटिंगमधील सुरक्षित वापर

ऊर्जाबचत दिवे म्हणजे कमी विजेत अधिक प्रकाश देणारे दिवे होत. घरगुती वापरात या नावाखाली मुख्यतः दोन प्रकार येतात : सीएफएल, म्हणजेच लहान आकारात वळवलेला अनुस्फुरित दिवा, आणि एलईडी बल्ब, म्हणजेच प्रकाशोत्सर्जक डायोडवर चालणारा दिवा. हे दोन्ही दिवे जुन्या तापदीप्त (तारेच्या) बल्बच्या होल्डरमध्ये थेट बसतील अशा बेताने बनवलेले असतात, आणि त्यांच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. मात्र होल्डरमध्ये बसणारा दिवा त्या फिटिंगसाठी योग्य असतोच असे नाही. तारेचा बल्ब हा काचेच्या गोळ्यातील तापलेली तार एवढाच होता. ऊर्जाबचत दिव्याच्या बुडाशी एक लहानसे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. उष्णता, ओलावा, विजेच्या दाबातील चढउतार आणि जुन्या वायरिंगमधील दोष यांचा या मंडलावर जो परिणाम होतो, त्यावर दिव्याचे आयुष्य आणि काही प्रसंगी घरातील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

पार्श्वभूमी

तारेच्या बल्बला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ६० वॅटचा असा बल्ब सुमारे ७०० लुमेन प्रकाश देतो. ९ वॅटचा चांगला एलईडी बल्ब ८०० ते ९०० लुमेन देतो. रोज पाच तास वापर धरल्यास या एका बदलाने वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते.

एकाच तुकड्यात मंडल आणि नळी असलेला सीएफएल १९८० मध्ये फिलिप्स कंपनीने बाजारात आणला. पांढरा एलईडी दिवा शक्य झाला तो निळ्या प्रकाशाच्या डायोडमुळे. त्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २००९ साली ‘बचत लॅम्प योजने’द्वारे सीएफएलचा आणि जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेद्वारे एलईडी बल्बचा प्रसार झाला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वितरित केले. परिणामी बल्ब बदलले. पण ज्या होल्डरमध्ये, शेडमध्ये आणि वायरिंगवर ते बसवले गेले, ते बहुतेक घरांत पूर्वीचेच राहिले. पुढील बहुतेक प्रश्न यातून उद्भवतात.

उष्णता कोठे जाते

एलईडी बल्ब ‘थंड’ असतो, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. त्याची पांढरी टोपी हाताला कोमट लागते, एवढ्यापुरतेच ते खरे आहे. ९ वॅटच्या बल्बमधील ५ ते ६ वॅट ऊर्जेची उष्णताच होते. तारेच्या बल्बच्या तुलनेत ती फार थोडी आहे, पण ती बाहेर पडण्याचा मार्ग निराळा आहे.

तारेच्या बल्बमध्ये तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिची बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने काचेतून पुढे निघून जाते. काचेचे तापमान शंभर अंशांच्या पुढे गेले तरी बल्बचे काही बिघडत नाही. तापणे हेच त्याचे काम. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात. डायोडमध्ये निर्माण होणारी उष्णता मागच्या धातूच्या चकतीतून बल्बच्या कमरेकडे जाते आणि तेथून भोवतालच्या हवेत मिसळते. ड्रायव्हर नावाचे इलेक्ट्रॉनिक मंडलही त्याच कमरेत, डायोडच्या पाठीशी बसवलेले असते. थोडक्यात, जो भाग उष्णतेला सर्वांत नाजूक आहे, त्याच्याच शेजारून उष्णतेला वाट काढावी लागते.

हवा खेळती असेल तर यात काही अडचण येत नाही. बल्ब बंदिस्त काचेच्या घुमटात किंवा तळ बंद असलेल्या शेडमध्ये बसवला, तर त्याच्या भोवतीची हवा तीच ती राहते आणि तासाभरात बरीच तापते. बल्ब उलटा, म्हणजे टोपी खाली आणि कॅप वर असा टांगलेला असल्यास तापलेली हवा वर चढून नेमकी ड्रायव्हरभोवती साठते. टेबललॅम्पमध्ये कॅप खाली असते, त्यामुळे तोच बल्ब तेथे तुलनेने सुखात राहतो.

ड्रायव्हरमधील सर्वांत लवकर थकणारा घटक म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या आतील द्रव उष्णतेने हळूहळू आटत जातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील ढोबळ ठोकताळा आहे. वेष्टनावर २५,००० तासांचे आयुष्य छापलेला बल्ब बंद घुमटात वर्षभरातच लुकलुकू लागतो, त्याचे बहुधा हेच कारण असते. अनेक बल्ब भोवतालच्या ४० ते ४५ अंश तापमानापर्यंतच वापरण्यासाठी बनवलेले असतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरच्या सावलीतच पारा ४५ अंशांच्या वर जातो; पत्र्याच्या छताखाली किंवा माळ्यालगत लावलेल्या बल्बला तेथे मुळातच वाव उरत नाही.

सीएफएलच्या बाबतीतही हेच लागू पडते. किंबहुना त्याची नळी स्वतः तापत असल्यामुळे बंदिस्त जागेत त्याच्या बुडाचे प्लॅस्टिक पिवळे पडून ठिसूळ झालेले आढळते. आयुष्य संपताना सीएफएलच्या नळीचे टोक काळे पडणे व बुडाशी किंचित जळका वास येणे हे प्रकार घडतात. चांगल्या बनावटीच्या दिव्यात प्लॅस्टिक आग न धरणारे असते. तरीही वास येताच दिवा बंद करून काढून टाकणे इष्ट.

यावर उपाय साधे आहेत. बंदिस्त फिटिंगसाठी वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख असलेला बल्ब घ्यावा. तो न मिळाल्यास कमी वॅटचा घ्यावा. घुमटाच्या काचेला वर आणि खाली हवेची वाट असेल, तर ती रंगाने किंवा कोळिष्टकांनी बुजलेली नाही हे पाहावे. फॉल्स सीलिंगमध्ये बसवायच्या दिव्यांच्या वर मोकळी जागा असावी आणि त्यांचे सुटे ड्रायव्हर कापूस, थर्माकोल किंवा तारांच्या गुंडाळ्यांखाली दबलेले नसावेत. छताच्या पोकळीत टेप गुंडाळून सोडून दिलेले तारांचे जोड हा भाग दिव्याचा नसून वायरिंगचा आहे; परंतु नव्या दिव्यांच्या निमित्ताने होणाऱ्या कामात तो फार आढळतो. असे जोड झाकणाच्या डबीत, कनेक्टर लावूनच करावेत.

ओव्हनमधील दिवा हा वेगळाच प्रकार आहे. तेथील तापमानाला कोणताही ऊर्जाबचत दिवा टिकत नाही; त्या जागी खास तारेचाच बल्ब लागतो.

वॅटची मर्यादा आणि तिचा अर्थ

झुंबर, भिंतीवरील दिवे आणि टेबललॅम्प यांवर ‘कमाल ४० वॅट’ किंवा ‘कमाल ६० वॅट’ असे छापलेले असते. ही मर्यादा उष्णतेची आहे. होल्डर, त्यातील तारेचे आवरण आणि शेडचे कापड किंवा प्लॅस्टिक किती तापमान सोसू शकेल, यावरून ती ठरवलेली असते. सर्वसाधारण पीव्हीसी आवरणाची तार ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते, हे येथे लक्षात घ्यावे.

एलईडी बल्बच्या वेष्टनावर मात्र दोन आकडे दिसतात : प्रत्यक्ष वॅट, उदाहरणार्थ ९, आणि ‘६० वॅटच्या तोडीचा’ अशी तुलना. फिटिंगच्या मर्यादेशी तुलना करायची ती प्रत्यक्ष वॅटची. ४० वॅटची मर्यादा असलेल्या लॅम्पमध्ये ९ किंवा १२ वॅटचा एलईडी बल्ब फिटिंगच्या दृष्टीने पूर्णपणे सुरक्षित असतो, मग त्याचा उजेड ६० किंवा ७५ वॅटच्या बल्बइतका का असेना. परंतु फिटिंग सुरक्षित म्हणजे बल्बही सुरक्षित, असा निष्कर्ष निघत नाही. ‘६० वॅट चालतात, मग २० वॅटचा एलईडी का चालणार नाही?’ हा प्रश्न तर्काला धरून वाटतो. तरी बंद शेडमध्ये २० वॅटचा एलईडी बल्ब स्वतःच्याच उष्णतेने लवकर निकामी होतो. जुनी मर्यादा फिटिंगचे रक्षण करते, बल्बचे नाही.

२० ते ५० वॅटचे मोठे, डब्यासारखे एलईडी बल्ब वजनालाही जड असतात. तारेला लोंबकळणाऱ्या होल्डरवर त्यांचा भार टाकू नये. तार होल्डरच्या आतील स्क्रूंतून हळूहळू ओढली जाते.

‘झिरोचा बल्ब’ या नावाविषयी येथेच सांगावयास हवे. रात्रभर देवघरात किंवा झोपण्याच्या खोलीत जळणारा हा लहान रंगीत बल्ब शून्य वॅटचा कधीच नव्हता. तो साधारण १२ ते १५ वॅट वीज घेतो. जुन्या मीटरना इतका कमी भार नीट मोजता येत नसे, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. १५ वॅटचा असा दिवा रोज दहा तास जळाला तर वर्षाला जवळपास ५५ युनिट वीज जाते. त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा दोन युनिटांच्या आत भागवतो. देवघराच्या लाकडी चौकटीत, पडद्याजवळ किंवा कापडी तोरणाखाली हा दिवा असतो, त्यामुळे येथे बचतीइतकाच सुरक्षिततेचाही लाभ आहे.

होल्डर

भारतातील घरांत सर्वाधिक आढळतो तो दोन खिळ्यांचा, दाबून फिरवायचा होल्डर. त्याच्या कॅपचा व्यास २२ मिलिमीटर असल्याने त्याला बी२२ म्हणतात. आट्याच्या, म्हणजे स्क्रूच्या होल्डरला ई२७ आणि झुंबरातील लहान आट्याच्या होल्डरला ई१४ म्हणतात. यांतील आकडेही मिलिमीटरमधील व्यासच होत. बी२२ होल्डरात आतील दोन टोके स्प्रिंगवर बसवलेली असतात. वर्षानुवर्षे ६० किंवा १०० वॅटच्या बल्बची उष्णता सोसून या स्प्रिंगा मऊ पडतात, टोके काळी होतात आणि बेकेलाइटचा भाग ठिसूळ बनतो. अशा होल्डरात नवा एलईडी बल्ब बसवला की तो लुकलुकतो, तिरका राहतो किंवा बारीक ‘चर्र’ असा आवाज करतो. दोष बल्बचा समजून तो बदलला जातो आणि दुसराही तसाच वागतो. होल्डर बदलणे हाच उपाय असतो, आणि तो एका बल्बच्या किमतीत होतो.

दुसरी अडचण आकाराची. तारेच्या बल्बची मान निमुळती होती. एलईडी बल्बची कंबर कॅपपासूनच रुंद होत जाते. अरुंद गळ्याच्या शेडमध्ये ती अडकते, कॅपचे खिळे खाचेत पूर्ण फिरत नाहीत आणि बल्ब अर्धवट टेकून राहतो. तो पेटतो म्हणून बसला असे मानले जाते. पुढे केव्हातरी पंख्याच्या कंपनाने तो खाली पडतो. बल्ब बसवल्यावर हलकेच खाली ओढून पाहण्याची सवय ठेवावी.

आट्याच्या होल्डरात फेजची तार मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्याच्या धातूला जोडलेली असणे आवश्यक आहे. उलटे जोडलेले असल्यास बल्ब फिरवताना बोट आट्याला लागून विजेचा धक्का बसू शकतो. बी२२ होल्डरात हा धोका कमी असतो, कारण त्याच्या बाहेरच्या कड्याचा विजेशी संबंध येत नाही.

बल्ब बदलताना बटण बंद करणे पुरेसे न मानता एमसीबी किंवा मेन स्विच बंद करावा. याचे कारण पुढील भागात येते. बल्ब थंड होऊ द्यावा. एलईडी बल्ब कमरेशी, सीएफएल बुडाच्या प्लॅस्टिकला धरून फिरवावा. सीएफएलची नळी धरून जोर लावला तर ती मुळाशी तडकते. डगमगत्या स्टुलावर ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हे काम करू नये.

बटण बंद असताना उजळणारा दिवा

एलईडी बल्ब बसवल्यानंतर अनेक घरांत एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. बटण बंद केले तरी काळोखात बल्ब अगदी मंद उजळत राहतो किंवा काही सेकंदांनी एकदा लुकलुकतो. पूर्वीच्या तारेच्या बल्बबाबत असे कधी झालेले नसते, म्हणून नवा बल्बच सदोष मानण्याकडे कल असतो. वास्तविक तारेचा बल्ब उजळायला पुष्कळ विद्युत्‌प्रवाह लागत असे. एलईडी मात्र एक मिलिअँपियरहून कमी प्रवाहातही दिसण्याइतपत उजळतो. तेव्हा तो प्रवाह वायरिंगमध्ये आधीपासूनच होता, दिसू लागला तो आता.

याची तीन कारणे संभवतात. पहिले निरुपद्रवी आहे : बटणात काळोखात दिसण्यासाठी लहान निऑनचा दिवा असेल तर त्याच्यातून जाणारा किंचित प्रवाह बल्बपर्यंत पोहोचतो. असे बटण बदलून साधे लावले की प्रकार थांबतो. दुसरे कारण लांब अंतर समांतर गेलेल्या तारांचे. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन बटणे असतात. त्यांच्या तारा एकाच नळीतून जातात आणि विजेच्या तारेचा दाब शेजारच्या मोकळ्या तारेत अल्प प्रमाणात प्रवर्तित होतो. यातही धोका नाही. आवश्यक वाटल्यास वायरमन बल्बला समांतर असा योग्य प्रतीचा कपॅसिटर लावून ते थांबवू शकतो.

तिसरे कारण गंभीर आहे. बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेत जोडलेले असते. अशा वेळी बटण बंद केल्यावर मंडल तुटते आणि दिवा विझतो, परंतु होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहतो. बटण बंद आहे या विश्वासाने कोणी होल्डर उघडला किंवा आतील टोकाला बोट लागले, तर २३० व्होल्टचा धक्का बसतो. एकेरी बटण नेहमी फेजच्या तारेतच असले पाहिजे, हा वायरिंगचा मूलभूत नियम आहे. जुन्या घरांत, विशेषतः मीटरपासूनच्या तारा कधीतरी बदलताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असेल तर, हा नियम घरातील कोणाच्याही नकळत मोडलेला असतो. तारेच्या बल्बने हा दोष दशकानुदशके लपवून ठेवला; एलईडी बल्ब तो उघड करतो. म्हणून बटणात निऑन नसताना बल्ब मंद उजळत असेल, तर बल्ब बदलून गप्प बसू नये. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. साधा निऑन टेस्टर प्रवर्तित दाबालाही उजळत असल्याने केवळ त्याच्यावर निर्णय सोपवणे पुरेसे नाही. मीटरने मोजणेच योग्य.

आतील बॅटरीवर चालणाऱ्या ‘इन्व्हर्टर बल्ब’ किंवा ‘इमर्जन्सी बल्ब’ यांबाबत याच्या उलट सावधगिरी लागते. वीज गेल्यावर हे बल्ब आपल्या बॅटरीवर पेटतात आणि त्यांच्या कॅपची दोन टोके ओल्या बोटांनी जोडली तरी पेटतात. दुकानात हा खेळ हमखास दाखवला जातो. मेन स्विच बंद केल्यावरही असा बल्ब पेटलेला राहू शकतो. म्हणून त्याच्या पेटण्या-विझण्यावरून तारेत वीज आहे की नाही हे ठरवू नये. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर खराब होत असल्याने हे बल्ब बंदिस्त शेडमध्ये मुळीच लावू नयेत.

डिमर, इन्व्हर्टर आणि विजेचा दाब

जुना डिमर तारेच्या बल्बसाठी बनवलेला असतो. तो प्रत्येक आवर्तनातील विजेचा काही भाग कापतो. साध्या एलईडी बल्बचा किंवा सीएफएलचा ड्रायव्हर ही कापलेली वीज नीट घेऊ शकत नाही. तो गुणगुणतो, फडफडतो, झटक्याझटक्याने मोठा प्रवाह घेतो आणि तापून बंद पडतो. डिमर असलेल्या जागी ‘डिमेबल’ असे छापलेलाच बल्ब लावावा, किंवा डिमर काढून साधे बटण बसवावे. डिमर पूर्ण उजेडावर ठेवला म्हणजे झाले, ही समजूत चुकीची आहे.

साध्या इन्व्हर्टरमधून निघणारी चौकोनी स्वरूपाची वीज काही ड्रायव्हरांना मानवत नाही. बल्ब इन्व्हर्टरवर असताना गुणगुणत असेल किंवा तेथेच वारंवार जात असेल, तर बनावट बदलून पाहावी.

आपल्याकडे बल्ब एकाएकी, एकाच दिवशी चारपाच जाण्याचे कारण बहुधा न्यूट्रल तुटणे हे असते. खांबावर किंवा इमारतीच्या मीटरखोलीत सामाईक न्यूट्रल सैल झाली की काही घरांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. तारेचा बल्ब अशा वेळी डोळे दिपवणारा उजेड देऊन जाई; एलईडी बल्ब नुसताच बंद पडतो किंवा बुडाशी ‘फट्‌’ असा आवाज होतो. दिवे अचानक अति प्रखर झाले आणि पंखे जोरात फिरू लागले, तर तत्काळ मेन बंद करून वीज कंपनीला कळवावे. तो प्रश्न बल्बचा राहिलेला नसतो.

ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी नळी

जुन्या ट्यूबलाइटची पट्टी न बदलता तिच्यात एलईडी नळी बसवण्याची पद्धत रूढ आहे. येथे बल्बपेक्षा अधिक सावध राहावे लागते, कारण या नळ्या एका प्रकारच्या नसतात. काहींत जुना चोक तसाच ठेवून स्टार्टरच्या जागी सोबत दिलेला बनावट स्टार्टर लावायचा असतो. काहींसाठी चोक व स्टार्टर काढून वीज नळीच्या एकाच टोकाच्या दोन खिळ्यांना द्यावी लागते. काहींत फेज एका टोकाला व न्यूट्रल दुसऱ्या टोकाला असते. शेवटच्या प्रकारात वीज चालू असताना नळीचे एक टोक बसवले आणि दुसरे हातात राहिले, तर हातातील खिळ्यांपर्यंत नळीच्या आतून विद्युत्‌दाब पोहोचू शकतो. मेन बंद न करता अशी नळी हाताळणे धोक्याचे आहे.

एका टोकाला वीज दिलेल्या पट्टीत पुढे कोणी जुनी अनुस्फुरित नळी बसवली, तर तिची बारीक तार थेट २३० व्होल्टवर येते व शॉर्टसर्किट होते. म्हणून तारा बदललेल्या पट्टीवर ‘फक्त एलईडी नळी’ असे न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे. संपूर्ण पट्टीच नवी घेणे हा किंचित महाग, पण या सर्व घोळातून सोडवणारा मार्ग आहे.

ओलावा, किडे आणि आकाशकंदील

न्हाणीघर, गच्ची, व्हरांडा आणि फाटकावरील दिवे यांसाठी फिटिंगच्या आयपी क्रमांकाकडे पाहावे. त्यातील पहिला अंक धूळ व घन कणांपासूनचे, दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो. आयपी४४ फिटिंग चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसते. आयपी६५ धुळीला पूर्ण बंद असून पाण्याच्या फवाऱ्यातही टिकते. कोकणातील पावसात व्हरांड्यावरचा उघडा होल्डर सहज गंजतो. मात्र आयपी६५ फिटिंग हे स्वभावतःच बंदिस्त असते, त्यामुळे त्यात सुटा बल्ब लावण्यापेक्षा आतच एलईडी बसवलेला पूर्ण दिवा घेणे बरे. पावसाळ्यात घुमटात साठणारे किडे आणि पाली यांचाही उपद्रव होतो. वाळलेल्या किड्यांचा थर उष्णता अडवतो आणि पाल होल्डरात शिरून शॉर्टसर्किट घडवू शकते.

दिवाळीतील आकाशकंदील हा ऊर्जाबचत दिव्यांचा महाराष्ट्रातील सर्वांत उघड लाभ म्हणावा लागेल. कागदाच्या कंदिलात ४० किंवा ६० वॅटचा बल्ब लावल्याने कागद करपणे, प्रसंगी पेटणे हे प्रकार घडत असत. ५ किंवा ७ वॅटच्या एलईडी बल्बने तो धोका फार कमी होतो. शिल्लक राहतो तो तारेचा : गॅलरीबाहेर टांगलेल्या तारेतील उघडे जोड, दवाने भिजलेला होल्डर आणि तारेवरच पेललेला कंदिलाचा भार. कंदील वेगळ्या दोरीने टांगावा, तार सैल ठेवावी आणि मध्ये जोड असू नये. घरात गळतीच्या प्रवाहावर वीज तोडणारा आरसीसीबी असल्यास असे बाहेरचे दिवे त्याच्याच अखत्यारीत असलेल्या मंडलावर घ्यावेत.

बल्बची निवड आणि दुरुस्त केलेले बल्ब

भारतात घरगुती एलईडी बल्बच्या सुरक्षिततेसाठी आयएस १६१०२ (भाग १) आणि सीएफएलसाठी आयएस १५१११ हे भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहेत. एलईडी बल्बसाठी नोंदणी सक्तीची आहे. बल्बवर किंवा वेष्टनावर मानक चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन विजेच्या बचतीविषयी सांगते, सुरक्षिततेविषयी नव्हे.

सुटे भाग आणून जोडलेले, नाव-क्रमांक नसलेले बल्ब आठवडी बाजारात स्वस्त मिळतात. त्यांत डायोडची चकती व घराचा वीजपुरवठा यांच्यात विद्युत्‌दृष्ट्या अलगपणा नसतो. असा अलगपणा अनेक चांगल्या बल्बांतही नसतो, पण तेथे आवरणाची जाडी व अंतरे तपासलेली असतात. स्वस्त बल्बची टोपी निघाली की आतील चकती मेनच्या दाबावर उघडी पडते. टोपी निघालेला बल्ब ‘अजून पेटतो’ म्हणून गोठ्यात किंवा न्हाणीघरात लावलेला दिसतो. तो ताबडतोब काढावा.

जळालेला डायोड ओलांडून तार जोडलेले दुरुस्त बल्बही मिळतात. अशा दुरुस्तीनंतर उरलेल्या दाबाचा भार साध्या ड्रायव्हरच्या चकतीवर पडून ती अधिक तापते आणि पुढचा डायोड लवकर जातो. दुरुस्तीची सवय स्तुत्य खरी, पण बंद शेडसाठी किंवा मुलांच्या खोलीसाठी असा बल्ब योग्य नाही.

सीएफएल फुटल्यास, आणि त्याची विल्हेवाट

एलईडी बल्बमध्ये पारा नसतो. सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. तापमापकातील सुमारे ५०० मिलिग्रॅम पाऱ्याच्या तुलनेत हे प्रमाण अल्प आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण निष्काळजीपणाही नसावा. दिवा फुटल्यास मुले व पाळीव जनावरे यांना खोलीबाहेर न्यावे, पंखा व वातानुकूलन यंत्र बंद करावे आणि खिडक्या उघडून १० मिनिटे खोली मोकळी ठेवावी. केरसुणी किंवा व्हॅक्युम क्लीनर वापरू नये. त्यांनी पाऱ्याची वाफ व पूड पसरते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत, शेवटी फरशी ओल्या कागदाने पुसावी आणि सर्व काही झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून घराबाहेर ठेवावे. नंतर हात साबणाने धुवावेत. अंथरुणावर दिवा फुटला असेल तर ते कपडे यंत्रात इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सीएफएल व ट्यूबलाइट यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केलेली आहे. ते ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्यावयाचे असतात. न फुटलेला दिवा मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून, नगरपालिका किंवा महानगरपालिका घातक कचरा अथवा ई-कचरा गोळा करते त्या दिवसापर्यंत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. भंगारवाल्याकडे दिलेल्या नळ्या धातूच्या कॅपसाठी फोडल्या जातात आणि पारा तेथे काम करणाऱ्याच्या श्वासात जातो. बंद पडलेले एलईडी बल्बही इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने ई-कचऱ्यातच द्यावेत.

पाऱ्याविषयीचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलात असून भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. २०२३ च्या परिषदेत करारातील देशांनी सर्वसाधारण प्रकाशयोजनेच्या अनुस्फुरित दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. त्यानंतरही घरोघरी लागलेल्या नळ्या आणि सीएफएल काही वर्षे कचऱ्यात येत राहतील.